उंबऱ्याबाहेरचा फोटोवाला

आमच्या लूकांग गावात लग्नाचे फोटो काढणारे पुष्कळ होते. नवरीच्या खोलीत पाऊल न टाकता तिथले फोटो काढणारा मात्र एकच होता, निएन छिंगफा. त्याचे ते फोटो नावाजलेले होते. दाराची लाल चौकट, अर्धवट सरकवलेला पडदा, आणि आत दूरवर, विहिरीच्या तळाशी बसावं तशी खुर्चीवर बसलेली नवरी. ताइचुंगहून कलेचं शिक्षण घेतलेले दोघे तरुण एकदा मुद्दाम ते फोटो पाहायला आले होते. त्यांना त्या चौकटीत एकाकीपण दिसलं, परंपरेचं ओझंही दिसलं, आणि त्यांनी एका मासिकात त्यावर लेख लिहिला. छिंगफाने तो लेख कापून खणात ठेवला. वाचला नाही. दारात उभं राहण्याचं खरं कारण त्याला ठाऊक होतं आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

तो वाघ होता.

आमच्याकडे सालाला जनावर असतं, आणि ज्या सालात माणूस जन्मतो ते जनावर त्याला मरेपर्यंत चिकटतं. बैल, ससा, डुक्कर यांचं कुणाला काही वाटत नाही. वाघाच्या सालात जन्मलेल्याने मात्र नवरीच्या खोलीत जायचं नाही, ती घरात शिरताना तिच्या समोर यायचं नाही, आणि ती पोटुशी असेल तर तिची सावलीही ओलांडायची नाही. वाघ पोर खातो, असं म्हणतात. पत्रिकेत हे कुणी छापत नाही, पण लग्नघराच्या दारात एक म्हातारी उभी असते आणि ती येणाऱ्याला चहाच्या आधी साल विचारते. पाहुणा वाघ निघाला तर तो हसत अंगणात जाऊन बसतो, सिगारेट ओढतो आणि पंगतीला सगळ्यांबरोबर येतो. त्याचं काही अडत नाही. अडतं ते फोटोवाल्याचं.

छिंगफा जन्मला तेव्हा पंचांगातलं साल संपायला थोडेच दिवस उरले होते. सरकारी कॅलेंडरात नवं वर्ष केव्हाच लागलं होतं, पंचांगात अजून वाघ चालू होता. ओळखपत्रावरचा प्रजासत्ताकाच्या बावन्नाव्या वर्षाचा आकडा पाहून कुणीही म्हणे, "बावन्न? म्हणजे ससा." छिंगफा मान हलवी. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्याने स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं होतं. समजूत पटली होती म्हणावं, तर त्याची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.

त्याला मी जवळून पाहिलं ते माझ्या निवृत्तीमुळे. आताशा पोरं आपापली जमवतात, पण लग्नात मध्यस्थ म्हणून कुणीतरी उभं राहावंच लागतं. त्यासाठी सूट असलेला निवृत्त मास्तर बरा पडतो. छातीला लाल फूल लावून मी अशी बरीच लग्नं उभ्याने काढली. मध्यस्थाला काम काहीच नसतं. म्हणून मी फोटोवाल्याकडे पाहत राही.

तो कामात इतका घाबरट होता की पाहणाऱ्यालाच धाप लागे. दोन कॅमेरे गळ्यात, दोन्हींत रोल भरलेला, आणि दर थोड्या वेळाने तो रोल पुढे सरकतोय ना हे बोटाने चाचपून पाही. नवीन मुलं त्याच्याकडे सल्ला मागायला येत. तो देई, पण सगळे सल्ले भीतीतून आलेले असत. आधी नवरीच्या मामाचा फोटो काढा, म्हणे. आकाशात देव आणि जमिनीवर मामा. नवरीचा एखादा फोटो राहिला तर ती रडून गप्प बसेल, मामाचा राहिला तर तो टेबल उलथेल. तिघांचा फोटो कधी काढू नका, तिघांतला मधला लवकर जातो म्हणतात. चौथा मिळेपर्यंत थांबा, आचारी चालेल. घरच्यांचा मोठा फोटो सूप यायच्या आत उरका, कारण सूप आल्यावर काका पिऊन लाल होतात आणि फळं आली की सगळे उरलेलं पिशवीत भरून उठतात. आणि नवरी माहेर सोडून गाडीकडे निघाली की तिला मागून हाक मारायची नाही. मेलात तरी नाही.

"पण मग चेहरा कसा मिळणार?" एकाने विचारलं होतं.

"पुढे पळायचं."

"आणि पुढे जागा नसली तर?"

"तर पाठीचा काढायचा. वळून पाहिलेली नवरी माहेरी परत येते. मग तिचा बाप तो फोटो घेऊन तुझ्या दुकानात येतो."

गाडी हलताना नवरी खिडकीतून पंखा टाकते, आपला हट्टी स्वभाव माहेरी सोडून जाते, आणि मागून तिचा बाप पाण्याचं घंगाळ रस्त्यावर ओततो. पंखा आणि पाणी दोन्ही एका चौकटीत पकडणारा आमच्या भागात तोच. त्यासाठी तो गटारात उभा राही. हा सल्ला मात्र तो कुणाला देत नसे, गटार एकच असतं म्हणून.

यादीच्या शेवटी हलक्या आवाजात तो सांगे, "आणि नवरीच्या खोलीत जायचं नाही. दारातून काढायचा. दारातून उजेड चांगला मिळतो."

ही युक्ती त्याची नव्हती. ती त्याच्या उस्तादाची, जुन्या बाजारातल्या तिंगांची. तिंगांनी त्याला हाताखाली घेतलं तेव्हा एकदा साल विचारलं, उत्तर ऐकलं, जन्ममहिनाही विचारला, आणि बराच वेळ भिंग पुसत बसले. मग म्हणाले, "तू दारात उभा राहत जा. कुणी विचारलं तर उजेडाचं सांग. लोकांना उजेडाबद्दल काही कळत नाही." त्यापुढे तिंग या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि पुढे वारले.

एकदाच, अगदी सुरुवातीला, गर्दीच्या रेट्याने छिंगफा खोलीत ढकलला गेला होता. त्या नवरीचं पहिल्याच वर्षी पोटातलं गेलं. वाघाशिवायही बायकांचं पोटातलं जातं, हे त्याला कुणीही सांगितलं असतं. पण ते ऐकायचं तर आधी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं म्हणजे सांगायला हवं होतं. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही जोडप्याचं बिनसलं की तो मनातल्या मनात आपण कुठे उभे होतो ते आठवून पाही. पाय उंबऱ्याच्या आत होता की बाहेर?

त्या वर्षी भुतांचा महिना सरला आणि लग्नं पुन्हा सुरू झाली, तशी तिंगांची मुलगी पेइरोंग त्याच्या स्टुडिओत आली. मी तिथे माझा पासपोर्टचा फोटो न्यायला गेलो होतो. माझा चेहरा त्यात ठीक आला नव्हता, पण तो दोष छिंगफाचा नव्हता.

"फा-काका, तारीख ठरली," ती म्हणाली.

"वा. कुठलं घर?"

"शिह. नळाच्या तोट्यांचा कारखाना आहे ते. फोटो तुम्ही काढायचे."

छिंगफाचा हात कॅमेऱ्याकडे गेला, जणू तो आत्ताच कुणी हिसकावणार होतं. "माझी पाठ धरलीय गं."

"मग बसून काढा."

"ताइचुंगला एक मुलगा आहे, फार छान काढतो. धुकं सोडतो, कबुतरं सोडतो."

"मला कबुतरं नकोत. बाबा असते तर त्यांनी काढले असते. ते नाहीत म्हणून तुम्ही. मास्तर, सांगा ना यांना."

मी सांगितलं. मध्यस्थ मीच होतो, आणि मला तेवढंच काम मिळालं होतं.

"तारीख जरा घाईची आहे," ती उठता उठता म्हणाली, "का ते विचारू नका." असं म्हणताना तिचा हात नकळत पोटावर गेला. छिंगफाने तो हात पाहिला. त्यानंतर तो काही बोलला नाही. तिने ते होकार म्हणून धरलं. त्या वयात मुली न बोलण्याचा अर्थ असाच लावतात.

लग्नाआधीचे दिवस त्याने कसे काढले ते तो पुढे मला सांगे, आणि सांगतानाही खुर्चीच्या कडेवर बसलेला असे. आजारी पडावं असं त्याने ठरवलं होतं, पण प्रकृती ठणठणीत राहिली. लग्नघर आधी जाऊन पाहावं हा त्याचा नियम. तो जाऊन आला. अरुंद, उंच, नवं घर होतं, नवरीची खोली तिसऱ्या मजल्यावर. खोली रिकामी होती. उंबऱ्यावरून खिडकीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. उजेड खरोखरच चांगला होता. त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या माहेरून कपाट आलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी माहेरचं सगळं नीट झालं. पंखा पडला, पाणी सांडलं, दोन्ही एका चौकटीत आले. शिहांच्या दारात गाडी थांबली तेव्हा नवरदेवाच्या बापाची आत्या पुढे आली. घरात सगळे तिला कोपो म्हणत, म्हणजे आत्याआजी. नवरा जिवंत, मुलगे जिवंत, सगळे दात स्वतःचे, म्हणून असल्या कामाला तीच लागे. साध्या नवरीच्या डोक्यावर आमच्याकडे तांदूळ पाखडायचं सूप धरतात. पोटुशी नवरी असेल तर काळी छत्री. कोपोने काळी छत्री उघडली. शे-दीडशे लोकांनी ती पाहिली आणि एकानेही पाहिली असं दाखवलं नाही. छिंगफा गाडीपासून दूर, पानवाल्याच्या टपरीमागे उभा राहून लांब भिंगातून काढत होता. सगळे फोटो छातीच्या वरचे. काळी छत्री दिसली की कमरेखाली जायचं नाही, हाही एक सल्ला त्याच्याकडे होता.

तिसऱ्या मजल्यावर मी त्याच्या मागोमाग पोचलो. बोळ माणसांनी भरला होता. आत नवरा-नवरी जोडीने बसली होती. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर नवरदेवाची पँट पसरलेली, त्यावर दोघं. संसारात दोघांचं एकमत राहावं म्हणून. हाच फोटो महत्त्वाचा. छिंगफा उंबऱ्याशी आला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच थांबला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दाराला लागून ते कपाट उभं होतं, आरशावर लाल कागद चिकटवलेलं. पलीकडे नवरदेवाचा डावा बूट दिसत होता. बूट नवा होता.

"अहो फोटोवाले, खिळलात का तिथे?" आतून कोपो बाहेर आली. "या की आत. आमच्या घराला वास येतो का?"

"इथून बरं पडतं, कोपो. उजेड..."

"इथून कपाट दिसतं. मी आत्ता तिथूनच आले. कपाटाचे फोटो काढायला बोलावलंय होय तुम्हाला?"

बोळात हशा पिकला. छिंगफाही हसला. त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला.

"साल कोणतं तुमचं?"

"बावन्न."

"ससा. मग सशाला भीती कसली? चला." तिने त्याची बाही धरली, ओढली, आणि ओढता ओढता त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "निएन ना तुम्ही? कुठले? वीटभट्टीजवळचे?"

"हो."

"आ-लिएनचा मुलगा? अगं बाई! अरे, माझं पहिलं घर तुमच्या भिंतीला भिंत लावून. तू झालास तेव्हा तुझ्या आईला तिळाच्या तेलातली कोंबडी मी नेऊन दिली. चांगलं आठवतंय, आदल्याच दिवशी आम्ही चुलीच्या देवाची पाठवणी केली होती, त्याच्या तोंडाला लावलेला गूळ अजून माझ्या हाताला होता. तुझी आई बाळंतिणीच्या खोलीत, म्हणून तुमच्याकडे नव्या वर्षाचा केकसुद्धा वाफवला नाही त्या साली. माझ्यातलाच..."

तिचं हसू तोंडावर अर्ध्यातच थांबलं. चुलीचा देव साल संपायच्या आधी वर जातो, नव्या सालानंतर नाही. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. बोळातले लोक एकेक करून तिथवर पोचत होते, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"म्हणजे ससा नव्हे," कोपो म्हणाली.

या प्रसंगासाठी छिंगफाकडे विशीपासून एक उत्तर तयार होतं: तो मी नव्हे, माझा मोठा भाऊ. त्याला मोठा भाऊ नव्हता, पण कोपो म्हातारी होती आणि लोकांनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता. मीही ठेवला असता. त्याने तोंड उघडलं. बाही अजून तिच्या मुठीत होती, आणि उंबरा त्याच्या बुटाच्या टोकाशी. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ते उत्तर दिलं तर सशाला आत जावं लागेल.

"वाघ आहे, कोपो," तो म्हणाला. "मी आत येत नाही. मी कुणाच्याच आत जात नाही."

तिने बाही सोडली, जशी तापलेली कढई सोडावी.

मग एकच गलका झाला. नवरदेवाची आई गोड सुपाच्या वाट्या घेऊन जिन्यात उभी होती, ती ओरडली, "अहो, माझ्या थोरलीचे फोटो यानेच काढलेत! म्हणून तिचा नवरा तसा!"

"तिचा नवरा जुगारी आहे," नवरदेवाचा काका म्हणाला, "त्याला वाघ कशाला लागतो? पत्ते पुरतात."

"याला आधी खाली न्या!"

"खाली कुठे? खाली आणखी बायका आहेत!"

"छतावर न्या मग!"

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं?" कुणीतरी मला विचारलं. मी नाही म्हणालो. ते खरं होतं, पण गळ्याशी आल्यावर खरंही खोट्यासारखंच ऐकू येतं. छिंगफा भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही कॅमेरे त्याने छातीशी धरले होते.

"फा-काका तिथेच आहेत ना?" कपाटापलीकडून आवाज आला.

"पोरी, तू बोलू नकोस," कोपो वळून म्हणाली. "आजच्या दिवशी नवरी बोलत नाही."

"एवढं बोलते आणि गप्प बसते. येणारं साल कोणतं?"

शेवटी "वाघाचं," असा एक बारीक आवाज आला. तो नवरदेव होता. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला.

"डॉक्टरांनी तारीख दिलीय ती नव्या सालातली," पेइरोंग म्हणाली. "म्हणजे सकाळी तुमचा उंबरा ओलांडून मी वाघच आत आणला. तुम्ही वर छत्री धरलीत, कोपो. पोटातला चालतो, तर दारातल्याने काय केलं?"

जे ती म्हणाली ते प्रत्येकाला माहीत होतं. तरी ते कानांनी ऐकावं लागलं, आणि तेही नवरीच्या तोंडून.

सगळे कोपोकडे पाहू लागले. निवाडा तिचाच होता. तिने हातरुमालाने गळा पुसला.

"एका डोंगरावर दोन वाघ मावत नाहीत," ती म्हणाली. "आतला आतच राहील, त्याला काही आता बाहेर काढता येत नाही. बाहेरच्याने बाहेर राहायचं. तो डबा इकडे द्या."

"कोणता डबा?"

"गळ्यातला. दुसरा कोणता?"

छिंगफाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग एका कॅमेऱ्याचा पट्टा डोक्यावरून काढला. मी त्याला बरीच वर्षं ओळखत होतो; तो कॅमेरा दुसऱ्याच्या हातात मी पहिल्यांदाच पाहिला. तो चार पायऱ्या खाली उतरला आणि खोलीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथून तो ओरडून सांगू लागला.

"छोट्या खिडकीला डोळा लावा!"

"लावला. काळोख आहे."

"झाकण काढा, कोपो."

"कसलं झाकण? हां. अगं बाई, सूनबाई दिसतेय! पण किती लांब गेली ती!"

"तुम्ही जवळ जा. पाय कशाला आहेत? आता पुढची कडी फिरवा, तिचे डोळे स्वच्छ दिसेपर्यंत. कपड्यांचं सोडा, डोळे."

"डोळे स्वच्छ. नवऱ्याच्या नाकाला घाम आहे."

"पुसायला सांगा. किती जण दिसतात?"

"दोघं. आणि दारातून धाकटी डोकावतेय."

"तिला हाकला! नाहीतर चौथ्याला बोलवा!"

"तीन चालत नाहीत हे मला शिकवतोस का? तुझ्या आईला मी कोंबडी दिलीय. एक, दोन, तीन म्हणू?"

"अजिबात नको! तीन म्हटलं की माणसं लाकडाची होतात. काहीतरी विचारा त्यांना, आणि उत्तर यायच्या आत दाबा."

"काय विचारू?"

"काहीही!"

मग कोपोचा आवाज आला, "काय गं, ओकाऱ्या होतात का?" आणि खटका दाबल्याचा आवाज.

पंगतीत मासा वाढायच्या आत ही बातमी खालच्या सगळ्या टेबलांवर पोचली होती. छिंगफाने मामाचा फोटो काढला, घरच्यांचा मोठा फोटो सूप यायच्या आत उरकला, आणि न जेवता गेला.

रोल धुतल्यावर त्यात एक जमीन निघाली, दोनदा कोपोचा अंगठा, एकदा छत, आणि एक फोटो. त्यात पेइरोंग तोंडावर हात धरून हसतेय आणि नवरदेव कॅमेऱ्याकडे असा पाहतोय जणू खुर्चीखालची पँट पेटली आहे. तो तिला सगळ्यांत आवडला. छिंगफाने तो मला दाखवला, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. ठरलेली कामं एकेक करून रद्द झाली. कुणी कडक बोललं नाही. सगळ्यांच्याच पाठी अचानक धरल्या. ज्यांचे संसार मोडले होते अशा चार-दोन घरांतून मात्र माणसं आली. ती रागावलेली होती, पण त्यांच्या बोलण्यात एक सुटकाही होती: इतकी वर्षं त्यांना दोषी सापडत नव्हता, तो सापडला. छिंगफा कुणाला उलट बोलला नाही. ज्यांचे संसार नीट चालले होते त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. आमचं बरं चाललंय हे सांगायला फोटोवाल्याकडे कोण जातं?

कामाची त्याला चिंता होतीच, पण ती दुय्यम होती. सालअखेरीला लग्नांची गर्दी झाली तेव्हा काही म्हाताऱ्या त्याच्याकडे परत आल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. बाकीचे फोटोवाले आपण ससा, बकरा म्हणतात आणि थेट पलंगापर्यंत घुसतात. खरं कुणाला ठाऊक? हा निदान दारात थांबतो. ठाऊक असलेला वाघ परवडला. तो जाऊन काम करून येई, आणि येता येता माझ्याकडे डोकावे.

"तिच्याकडची काही खबर?"

"बरी आहे. पाय सुजलेत म्हणे."

"पाय का सुजले?"

"छिंगफा, बायकांचे सुजतात."

"मी चार पायऱ्या खाली होतो. पाठ होती माझी. चार पुरत असतील ना, मास्तर?"

यावर माझ्या वाचनात काही नव्हतं. माझू देवीच्या देवळात जाऊन त्याने कौल लावला. कौलाची दोन्ही अर्धचंद्राकार लाकडं सपाट बाजू वर करून पडली. म्हणजे देवी हसते. होही नाही, नाहीही नाही. त्याने पुन्हा टाकली, देवी पुन्हा हसली. पेइरोंग एकदा बाजारात समोरून येताना दिसली तर हा शेजारच्या दुकानात घुसला आणि ती जाईपर्यंत उदबत्त्यांचे भाव विचारत राहिला. तिने त्याला पाहिलं होतं. तिने मला तसं सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

नवं साल लागलं. रस्त्यावर फटाक्यांचा लाल कागद अजून पडलेला होता तेव्हाच, डॉक्टरांच्या तारखेच्या बरंच आधी, तिच्या कळा सुरू झाल्या. आधी म्हणजे लवकर, आणि लवकर म्हणजे काहीतरी बिघडलं, असं छिंगफाने ठरवून टाकलं. तो सकाळपासून माझ्याकडे बसून होता. मी चहा ओतत होतो आणि तो गार होऊ देत होता. दुपारी शिहांच्या कारखान्यातला माणूस स्कूटरवरून ओरडत गेला: मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. छिंगफाने पेला उचलला, गार चहा एका दमात प्यायला, आणि म्हणाला, "ठीक म्हणजे किती ठीक, ते त्याने सांगितलं नाही."

दोन दिवसांनी कोपो त्याच्या स्टुडिओत आली. मी होतोच. तिने खुर्ची ओढली, बसली, भिंतीवरच्या नवरींच्या सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली.

"पोर लहान आहे, पण गळा कोंबड्याचा," ती म्हणाली. "आणि वाघ. चार दिवस आधी झाली असती तर बैल झाली असती. बैलाच्या मुलीला स्थळं येतात. वाघाच्या मुलीला कोण सून करून घेतो?"

छिंगफा एका निगेटिव्हवर बारीक ब्रश फिरवत होता, तो फिरवत राहिला.

"म्हणून आले. कागदावर काय असेल ते असो, कागद कोण बघतो? तोंडाने सांगायचं की जुन्या सालातच झाली. माझ्या घरात पंचांग मीच सांगते, मला कुणी खोडून काढत नाही. तू एवढी वर्षं निभावलंस, कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. मी नसते तर अजून लागला नसता. तर कसं निभावायचं ते सांग. पोरीला शिकवावं लागेल."

त्याने ब्रश खाली ठेवला. मला वाटलं तो उजेडाबद्दल काही सांगेल.

"नका, कोपो."

"का? तुझं काय बिघडलं? धंदा केलास, घर बांधलंस."

"फार काळजी लागते," तो म्हणाला.

कोपो त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर त्याच्या हातांवर आली, नखांवर थांबली. तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, बहुधा त्याच्या आईच्या नावाने, आणि उठली. जाताना ती गल्लीतल्या शेवयांच्या दुकानात थांबली, मग बैलजिभेच्या आकाराची बिस्किटं भाजणाऱ्याकडे, मग देवळासमोरच्या बाकावर बसलेल्या बायकांत. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या लूकांगला कळलं की शिहांच्या घरात वाघ जन्मली आहे, आणि त्यानंतर त्या पोरीबद्दल लपवण्यासारखं काही उरलं नाही.